कॉलेजच्या मुलांच्या पोटात फळं-भाज्या का जात नाहीत? एका आहारतज्ज्ञाचं उत्तर

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांनी विचारलं आहे: "आमच्या विद्यार्थ्यांच्या फळं-भाज्या खाण्याच्या सवयींचं छोटं सर्वेक्षण करायचं आहे आणि मग जनजागृतीसाठी एक व्याख्यान ठेवायचं आहे. मुलं फळं-भाज्या का खात नाहीत? त्यांना काय विचारावं, आणि व्याख्यानात काय सांगावं?"

सर, नमस्कार.

व्याख्यान सगळ्यात शेवटी ठेवा, आणि जमलं तर टाळाच. ठाण्यात आणि नवी मुंबईत बरीच वर्षं मी कॉलेजच्या मुलामुलींचा आहार बघते आहे. फळं-भाज्या तब्येतीला चांगल्या असतात हे माहीत नसलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. जीवनसत्त्वांची नावं तर त्यांना माझ्याइतकीच पाठ असतात. पहाटे कळव्याहून निघून, ठाण्याला गाडी बदलून, साडेसातच्या लेक्चरला नेरूळला पोचणाऱ्या मुलीला पालेभाजीत लोह असतं हे पुन्हा एकदा सांगून काय होणार? ती पालेभाजी कुणी निवडायची, कधी शिजवायची, कुठल्या डब्यात भरायची आणि किती वाजता खायची, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आपल्या पोस्टरवर नसतं. अडचण तिथे आहे. तुमच्या सर्वेक्षणानेही तिथेच जायला हवं.

आधी थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय 'कमी खातात' या म्हणण्याला काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं आणि भाज्या सांगते, आणि त्यात बटाटा, रताळं यांसारखे पिष्टमय कंद धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2,000 कॅलरींच्या दिवसासाठी 400 ग्रॅम भाज्या आणि शिवाय 100 ग्रॅम फळं धरली आहेत. हे आकडे ऐकून मुलं घाबरतात, म्हणून मी ते लगेच वाटीत मोजून दाखवते. मध्यम वाटीभर शिजलेली भाजी ढोबळमानाने 100 ग्रॅम. दुपारी एक वाटी आणि रात्री एक वाटी झाली की 200. एक मध्यम आकाराचं फळ 100 च्या आसपास. त्यात एक काकडी नाहीतर वाटीभर कोशिंबीर आली की 400 ची किमान मर्यादा गाठली. घरून डबा आणणाऱ्या मुलाला कमी पडतं ते बहुतेक वेळा एक फळ आणि एक काकडी, एवढंच. अट एकच आहे. वाटीत भाजी असली पाहिजे, बटाटा नव्हे.

आणि नेमकी तिथेच गफलत होते. खारघरला पीजीत राहणारा एक मुलगा पोट साफ होत नाही म्हणून माझ्याकडे येत होता. मूळचा मराठवाड्यातला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खाण्याच्या नोंदवहीत त्याने रोज दोन्ही वेळा 'भाजी' लिहिलं होतं. मी त्याला संध्याकाळचा डबा न उघडता तसाच घेऊन यायला सांगितलं. चार चपात्या, भात, पातळ डाळ आणि आलू-मटर. आम्ही ती भाजी एका ताटलीत ओतली आणि चमच्याने वेगवेगळी केली. बटाट्याच्या फोडींचा ढीग झाला, मटार बोटांवर मोजण्याइतके निघाले, बाकी सगळा कांदा-टोमॅटोचा तेलकट रस्सा. आठवड्याची यादी विचारली तर आलू-मटर, आलू-गोबी, छोले, बटाट्याचा रस्सा, शेव-टोमॅटो, राजमा, पुन्हा आलू. पोरगा खोटं बोलत नव्हता. भाजी रोज होती, पण तिच्यात भाजी नव्हती. डबेवाल्या काकूंनाही मी दोष देणार नाही. बटाटा स्वस्त पडतो, टिकतो, निवडावा लागत नाही, आणि डब्यातून परत येत नाही. दुधी किंवा पडवळ दिलं की निम्मे डबे भरलेले परत येतात, हे त्या स्वतःच सांगतात.

म्हणून सर्वेक्षणात "तुम्ही रोज भाजी खाता का?" हा प्रश्न मुळीच घालू नका. उत्तर 'हो' येईल आणि ते निरुपयोगी असेल. 'काल' विचारा. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते क्रमाने लिहून घ्या, वेळेसकट. एक वाटी समोर ठेवा आणि तिच्या मापाने भाजी किती ते विचारा. बटाटा वेगळ्या रकान्यात. कडधान्याची उसळ वेगळ्या रकान्यात. ती उत्तमच, पण तिची गणती डाळींत होते. फळ अख्खं खाल्लं की रस प्यायला, तेही वेगळं. रस गाळला की चोथा जातो, साखर राहते. आणि माझा एक आवडता प्रश्न जरूर घाला: काल फळ खाल्लं असेल तर ते कुणी कापून दिलं? याच्या उत्तरातून जे कळतं ते दहा गुणांच्या ज्ञानचाचणीतून कळत नाही.

पहिला रकाना मात्र राहण्याचा ठेवा: घरी, नातेवाइकांकडे, हॉस्टेलवर की पीजीत. हे गट एकत्र करून सरासरी काढलीत तर कुणाबद्दलच काही कळणार नाही, कारण प्रत्येकाची अडचण निराळी आहे. सोमवारी विचारू नका. त्यांचा 'काल' रविवार असतो. एकादशीच्या दुसऱ्या दिवशीही नको. उपवासाला मुली फळं खातात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांवर दिवस निघतो, आणि फळ झालंच तर एखादं केळं. श्रावणात तर सर्वेक्षण घेऊच नका. आपल्याकडे कितीतरी घरांत तेव्हा मासळी-मटण बंद होतं, भाज्या आपोआप वाढतात, आणि तुमचा आकडा उगाच फुगतो.

आता अडथळ्यांकडे येते. सगळ्यात मोठा अडथळा मी वेळेचा मानते, पण 'वेळ मिळत नाही' या अर्थाने नव्हे. फळ खायला दोन मिनिटं लागतात. ते चुकीच्या वेळी समोर येतं, ही खरी अडचण. घरी पालक सांगतात, कॉलेजातून येताना वडापाव खाऊ नकोस, फळ खा. संध्याकाळी साडेपाचला प्रॅक्टिकल संपवून स्टेशनावर आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सकाळच्या चहा-बिस्किटांवर आणि दुपारच्या अर्ध्या डब्यावर उभा असतो. त्याच्या पोटात कावळे ओरडत असतात. त्याला त्या क्षणी पोट भरणारं, गरम, खमंग काहीतरी हवं असतं, आणि सफरचंदाने ते काम होत नाही. ही भूक खरी आहे. तिला 'जंक फूडची सवय' म्हणून हिणवू नये. फळाला वडापावच्या समोर उभं केलंत की फळ हरणारच. त्याला भूक एवढी खवळण्याच्या आत गाठायला हवं, म्हणजे सकाळी दहा-साडेदहाच्या सुट्टीत. त्या वेळी भूक असते पण अजून आटोक्यात असते. ज्या मुलांनी पेरू किंवा केळं या सुट्टीशी बांधून टाकलं, त्यांचं टिकलं. 'दिवसभरात कधीतरी खाईन' म्हणणाऱ्यांचं फळ बॅगेत काळं पडून रात्री घरी परत जातं.

दुसरी गोष्ट डब्याची, आणि यावर मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्या ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. मराठी घरात कच्ची भाजी रोज पोटात जाण्याची सोय पिढ्यानपिढ्या या डाव्या बाजूने केली. ताट गेलं आणि डबा आला तेव्हा उजव्या बाजूची भाजी-पोळी डब्यात चढली, डाव्या बाजूचं फक्त लोणचं चढलं. कोशिंबीर घरीच राहिली, आणि त्याला कारण अगदी साधं आहे: ती पाणी सोडते. सकाळी सहाला काकडीत मीठ घातलं की साडेबारापर्यंत डब्यात ओघळ होतो, पोळ्या भिजतात, वही-लॅपटॉपच्या बॅगेला वास लागतो. एकदा असं झालं की मूल पुन्हा कोशिंबीर नेत नाही, आणि आई पुन्हा देत नाही. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 18 देशांतल्या लोकांचा एक मोठा अभ्यास आला, भारतातले लोकही त्यात होते. फळं, भाज्या आणि कडधान्यं मिळून दिवसाला 375 ते 500 ग्रॅम खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी दिसलं, आणि शिजवलेल्या भाज्यांपेक्षा कच्च्या भाज्यांशी हा संबंध अधिक ठळक होता. अशा अभ्यासांतून कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की बांधता येत नाही, हे मान्य. तरी डब्यातून कोशिंबीर हरवली त्याची हळहळ वाटायला एवढं पुरे आहे.

यावर उपाय आहेत आणि ते मुलांनीच मला शिकवले आहेत. काकडी चिरू नका, अख्खी धुऊन पुसून न्या आणि खाताना दाताने तोडा. गाजर, मुळा, कोवळी तोंडली यांचंही तेच. ज्यांना कोशिंबीरच हवी त्यांनी गाजर किंवा कोबी किसून त्यात दाण्याचं कूट आणि मिरची घालावी, मीठ आणि लिंबाची फोड मात्र वेगळ्या पुडीत न्यावी. मीठ खातानाच घातलं की पाणी सुटत नाही. मोड आलेले मूग, बारीक कांदा, टोमॅटो हेही असंच जमतं. टोमॅटो बिया काढून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण महिनाभर टिकणारा बदल मला अशाच गोष्टींतून झालेला दिसतो.

पीजीतल्या मुलांची कथा निराळी. नेरूळ, कोपरखैरणे, खारघर इथल्या खोल्यांत तीन-चार जण राहतात, स्वयंपाकघर नसतं, फ्रिज मालकाचा असतो, सुरी ठेवलेली चालत नाही. पेटीभर फळं आणली तर सडतात, एक-दोन आणली तर रोज उतरून जावं लागतं. मी त्यांना फ्रिजशिवाय टिकणाऱ्या आणि सुरीशिवाय खाता येणाऱ्या फळांची यादी करायला लावते. पेरू, संत्रं, मोसंबी, सफरचंद, केळी, चिकू, बोरं, आवळे. काकडी आणि गाजर. पपई, कलिंगड, अननस, डाळिंब ही घरची फळं समजा. तिथे कापून देणारं माणूस असतं. केळी एकाच रंगाची घेऊ नका, दोन पिवळी, दोन हिरवट घ्या, म्हणजे चार दिवस पुरतात. तुर्भ्याला एवढी मोठी घाऊक बाजारपेठ जवळ असताना फळं स्वस्त का मिळत नाहीत असं मुलं विचारतात. तिथला व्यवहार क्रेट आणि गोणीचा आहे, पाव किलोचा नाही. मात्र चार खोल्यांनी मिळून वर्गणी काढली आणि शनिवारी सकाळी दोघे जाऊन संत्र्यांची किंवा पेरूंची एक पेटी घेऊन आले, तर परवडतं. सानपाड्याच्या काही मुलांनी हे बराच काळ चालवलेलं मी पाहिलं आहे. पेटी सार्वजनिक असली की फळ संपतंही लवकर, कारण आपल्या वाट्याचं दुसरा खाईल ही धास्ती असते.

घरी राहणाऱ्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. संध्याकाळच्या कर्जत किंवा कसारा गाडीत बायकांच्या डब्यात बसा. कुणी मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत असते, कुणी वालपापडी सोलते, कुणी लसूण. ऑफिस आणि घर यांच्यामधली तीच एक निवांत जागा त्यांना मिळते. आपल्या मुलांच्या पोटात जाणारी पालेभाजी बहुतेक वेळा या मांडीवरून येते. त्या बाईला बरं नसेल, गाडीत बसायला जागा मिळाली नाही, किंवा महिनाअखेर असेल, तर त्या दिवशी घरात बटाटा होतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला आणि मुलीला मेथीची जुडी निवडता आली पाहिजे, आणि आठवड्यातून दोनदा त्यांनी ती निवडली पाहिजे. मी पालकांना गोळ्यांची नावं लिहून देण्याआधी हे लिहून देते. मुलगा असेल तर अधोरेखित करून. आपण चिरलेली भाजी मुलं टाकत नाहीत, हा माझा पक्का अनुभव आहे.

पैशांबद्दल उगीच हात झटकू नका. 'फळं काही महाग नसतात' हे म्हणणं सोपं आहे. मघाशी सांगितलेला 18 देशांचा अभ्यास ज्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला, त्याच प्रकल्पातून 2016 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये एक लेख आला. एका माणसाला दिवसाला दोन हिस्से फळं आणि तीन हिस्से भाज्या घ्यायच्या तर घराच्या उत्पन्नाचा किती भाग लागेल, असा तो हिशेब होता. कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात, ज्यात भारत धरला होता, हे प्रमाण सुमारे 52 टक्के निघालं. श्रीमंत देशांत 2 टक्क्यांच्या आत. तेव्हा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या मुलाने फळ घेतलं नाही तर तो निष्काळजी ठरत नाही. मात्र एक फरक मुलांना दाखवण्यासारखा आहे. त्यांच्या मनात 'फळं' म्हणजे किवी, ड्रॅगन फ्रूट, स्ट्रॉबेरीचं खोकं आणि दुकानातली कापून झाकलेली फ्रूट प्लेट. ते खरंच महाग आहे. हातगाडीवरचं केळं, हंगामातला पेरू, आवळा, बोरं ही त्यांच्या हिशेबात फळंच नसतात. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, आणि आपल्याकडची दिवसाची शिफारस बाईला 65 आणि पुरुषाला 80 मिलिग्रॅमची आहे. एका छोट्या पेरूत दिवसाचं काम होतं. किवीच्या मागे लागायचं काही कारण नाही.

चवीचा अडथळाही खराच आहे. मेसमधला उकडलेला कोबी आणि गिळगिळीत भेंडी कुणालाच आवडणार नाही, मलाही नाही. इथे मुलांच्या घरच्या सवयी विचारात घ्या. तुमच्याकडे दिवाळे, घणसोली, बेलापूरच्या गावठाणांतली आगरी-कोळी मुलं असतील. 'आम्ही भाजी खात नाही, आम्हाला मासे लागतात' असं ती बिनधास्त सांगतात. त्यांना मासे सोडायला सांगू नका. त्यांच्याच घरात मेथीत जवळा पडतो, दुधीत कोलंबी पडते, शेवग्याच्या शेंगांत सुकट पडतं. तेच पदार्थ जरा वाढवा, त्यात भाजीचं प्रमाण जास्त ठेवा. थंडीत उरण-पनवेलकडे पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याचा बेत, लागते तेव्हा भांबुर्डीच्या पाल्यातल्या वालाच्या शेंगा हीच मुलं मडक्यातून ओरबाडून खातात. म्हणजे भाजीशी त्यांचं वैर नाही, बेचव भाजीशी आहे. पावसाळ्यात ठाणे आणि पनवेलच्या बाजारात शहापूर-मुरबाड-कर्जतकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सवही भरवतो. तुमच्या मुलांना एकदा तिथे घेऊन जा आणि त्या मावशींनाच विचारू द्या की कुठली कशी करायची. शेवळांबरोबर काकडं ही आंबट रानफळं का घ्यायची, नाही घातली तर घसा का खाजतो, हे त्या बसल्या जागी सांगतील. वर्गातल्या तासभर भाषणापेक्षा त्या दहा मिनिटांत मुलांना भाजीबद्दल जास्त कुतूहल वाटेल.

भीतीचे प्रश्न सर्वेक्षणात येतीलच. 'फळं कार्बाइडने पिकवतात': कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूचा नियंत्रित वापर चालतो. तरी शंका असेल तर हंगामाच्या फार आधी आलेलं फळ घेऊ नका आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. 'रुळांच्या कडेची भाजी': ही शंका निराधार नाही. नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतले जंतू शिजवल्याने मरतात, जड धातू मात्र धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. म्हणून ओळखीच्या भाजीवालीकडून घ्या, कुठली आहे ते विचारा, आणि एकच पालेभाजी रोज खाऊ नका, फिरवत राहा. केळ्याने सर्दी होते, पाळीत पपई खाऊ नये, रात्री फळ खाल्लं तर पचत नाही: निरोगी मुलामुलींनी यातलं काही मानायचं कारण नाही. कच्ची पपई गरोदरपणात टाळतात, तेवढाच तो विषय. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच फळं ठरवावीत.

आणखी एक. मुलं 'फळं-भाज्या कमी पडतात' म्हणून कधीच कुणाकडे जात नाहीत. ती येतात केस गळतात म्हणून, जिने चढताना दम लागतो म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून. जिममध्ये जाणारा मुलगा सहा अंडी आणि प्रोटीनची भुकटी घेतो आणि भाजीला हात लावत नाही. मूळव्याधीच्या तक्रारीनंतर त्याला चोथ्याचं महत्त्व पटतं. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू हवेत, ते भुकटीच्या डब्यात नसतात. मुलींच्या बाबतीत तर मी रक्ताची तपासणी आधी करून घेते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा मुलीला मी सांगते त्यातली पहिली गोष्ट कांदेपोह्यांची. पोह्यांवर अर्धं लिंबू पिळ, आणि चहा तासाभराने घे. पोह्यांतलं, पालेभाजीतलं, डाळीतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने शरीरात नीट शोषलं जातं आणि चहामुळे अडतं. आपण लिंबाची फोड ताटात शोभेला ठेवतो आणि वाफाळता चहा लगेच पितो, बरोबर उलटं. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर गोळ्या लागतीलच, लिंबावर भागणार नाही, हेही तिला सांगायला मी विसरत नाही. म्हणून तुमच्या कार्यक्रमाचं नाव 'फळे-भाज्या जनजागृती' ठेवू नका. केस, पोट, दम, त्वचा यांवरून मुलांना बोलावलंत तर ती येतील.

कॉलेज काय करू शकतं? माझ्या मते दोनच गोष्टी नीट करा. कॅन्टीनच्या गल्ल्यापाशी केळी आणि पेरू नगावर विकायला ठेवा, भाव ठळक खडूने लिहा. किलोचा भाव मुलं विचारत नाहीत, नगाचा विचारतात. आत कपाटात ठेवलेलं फळ विकलं जात नाही. पैसे देताना हाताशी असलेलं विकलं जातं. दुसरी गोष्ट फाटकाबाहेरच्या पेरूवाल्याची. पेरूच्या चार फाका करून त्यावर तिखट-मीठ भुरभुरून देणारा तो माणूस तुमच्या आरोग्य समितीपेक्षा जास्त फळं मुलांना खाऊ घालतो आहे. त्याला धूळ आणि माशांच्या मेहेरबानीवर बाहेर सोडू नका. आवारात बसायला जागा द्या, पिण्याच्या पाण्याचा नळ, झाकणाची पेटी, स्वच्छ सुरी आणि कचऱ्याचा डबा द्या, आणि दहा-साडेदहाच्या सुट्टीत तो हजर असेल एवढं बघा. शक्य असेल तर जवळच्या महिला बचत गटाला आठवड्यातून दोन दिवस थालीपीठ, पालेभाजीचं पिठलं, मोड आलेल्या मटकीची भेळ असं विकायला बोलवा. भेळेत काकडी, टोमॅटो, कांदा, कैरी भरपूर मावते आणि ती खाताना कुणी तोंड वेडंवाकडं करत नाही.

पीजीला डबे पुरवणाऱ्या काकूंचीही एक बैठक घ्या. उपदेश करायला नव्हे, हिशेब करायला. बटाट्याऐवजी निम्मा कोबी, फरसबी, गाजर घातलं तर डब्यामागे किती रुपये वाढतात, ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि मुलांना विचारा की ते द्यायची तयारी आहे का. बरेचदा हा फरक मुलांना वाटतो त्याहून कमी असतो, आणि आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

पहिली पाहणी दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी घ्या. पेरू, आवळे, हिरवा पाला स्वस्त असतो, परीक्षा डोक्यावर नसतात. कॅन्टीनमधला बदल त्यानंतर करा आणि फेब्रुवारीत त्याच मुलांना पुन्हा 'काल'चं विचारा. पावसाळ्यातल्या आकड्यांशी हिवाळ्याचे आकडे ताडून बघू नका. बाजारच वेगळा असतो. प्रश्नावली एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, नाव लिहायला लावू नका, आणि आधी दहा मुलांवर करून बघा. 'भाजी' या शब्दाखाली ती काय काय लिहितात ते पाहून रकाने बदलावे लागतील. त्या दहा कागदांच्या प्रती मला पाठवा, रकाने आपण मिळून ठरवू.